रानउंदरांतील अतिरिक्त गुणसूत्रे : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गुणसूत्रांवर मराठीत काही लिहिले की पाठोपाठ प्रश्न येतात. बी.एस्सी.ची मुले विचारतात, शिक्षक विचारतात, एकदा एका द्राक्षबागायतदारांनीही विचारले. तेच तेच प्रश्न फिरून येतात, म्हणून ते इथे एकत्र केले आहेत. सोपे आधी, अडचणीचे नंतर. एका उत्तरात आलेली गोष्ट दुसरीकडे पुन्हा सांगितलेली नाही, तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. अतिरिक्त गुणसूत्र म्हणजे नेमके काय?

प्रत्येक जातीचा गुणसूत्रांचा एक ठरलेला संच असतो. माणसात ४६, घरातल्या लहान उंदरात ४०, युरोपातल्या पिवळ्या गळ्याच्या रानउंदरात ४८. हा संच जोड्यांचा असतो, एक वाटा आईचा आणि एक बापाचा. काही जातींत मात्र काही प्राण्यांकडे या संचाखेरीज एक, दोन किंवा त्याहून जास्त गुणसूत्रे आढळतात. त्याच जातीच्या शेजारच्या बिळातल्या उंदराकडे ती नसतात आणि त्याचे काहीही अडत नाही. यांना 'बी गुणसूत्रे' म्हणतात. मी त्यांना आगंतुक म्हणतो: आमंत्रण नसताना पंगतीला येऊन बसलेली.

खूण लक्षात ठेवायची तर दोन गोष्टी पुरेत. ती असलीच पाहिजेत असे नसते, आणि ती मूळ संचातल्या कुठल्याही गुणसूत्राशी जोडी जमवत नाहीत.

२. म्हणजे डाऊन सिंड्रोमसारखेच ना?

नाही. हा गोंधळ सर्वांत जास्त होतो. डाऊन सिंड्रोममध्ये २१ क्रमांकाच्या गुणसूत्राची तिसरी प्रत येते. ते गुणसूत्र मूळ संचातलेच असते आणि त्यावरच्या शेकडो जनुकांची मात्रा दीडपट झाल्यामुळे परिणाम दिसतात. बी गुणसूत्र ही मूळ संचातल्या कुठल्याही गुणसूत्राची अख्खी प्रत नसते. त्यावर बहुतांशी तेच ते तुकडे पुन्हा पुन्हा आलेले असतात, म्हणून एखादे जास्तीचे असले तरी उंदीर सहसा धडधाकट असतो. 'सहसा' का म्हटले ते प्रश्न १२ मध्ये आहे.

३. 'बी' हे नाव कुठून आले?

१९०७ साली एडमंड विल्सन यांनी एका ढेकणवर्गीय कीटकात अशी जादा गुणसूत्रे नोंदवली. पुढे १९२८ साली मक्यावर काम करणाऱ्या रँडॉल्फ यांनी नेहमीच्या संचाला 'ए' आणि जादा गुणसूत्रांना 'बी' म्हटले. नाव टिकले. सस्तन प्राण्यांतली पहिली नोंद १९६५ सालची.

४. कोणत्या कृंतकांत ती सापडतात?

सस्तन प्राण्यांपैकी ज्यांची गुणसूत्रे तपासली गेली आहेत त्यांत बी असलेल्या जाती २ टक्क्यांच्या आसपास आहेत. २०१८ सालच्या एका आढाव्यात अशा ८५ जातींची यादी आहे. त्यांत मोठा वाटा कृंतकांचा, म्हणजे कुरतडणाऱ्या प्राण्यांचा आहे.

ठळक उदाहरणे सांगतो. युरोपातला पिवळ्या गळ्याचा रानउंदीर, अपोडेमस फ्लाविकॉलिस; त्याच्यावर सर्बियातल्या संशोधकांनी अनेक दशके काम केले आहे. सैबेरियापासून कोरिया-जपानपर्यंत पसरलेला त्याचा भाऊबंद अपोडेमस पेनिन्सुली. याच्याकडे ४८च्या संचावर तब्बल ३०पर्यंत बी मोजली गेली आहेत, पण सखालिन बेटावरच्या त्याच्याच जातभाईंकडे ती मिळालेली नाहीत. ऑस्ट्रेलियाचा झुडपी उंदीर रॅटस फुसिपेस, उत्तर अमेरिकेतला हार्वेस्ट माऊस, दक्षिण अमेरिकेतले नेक्टोमिस हे पाणउंदीर आणि उत्तर ध्रुवाकडचे कंठपट्टेवाले लेमिंगही या यादीत येतात. आणि आपल्या माळ्यावर खुडबुड करणारा काळा उंदीरही.

५. म्हणजे भारतातही आहेत?

आहेत. बनारस हिंदू विद्यापीठातल्या संशोधकांनी १९७४ साली काळ्या उंदराच्या बी गुणसूत्रांवर सविस्तर काम प्रसिद्ध केले: ती कशी रंगतात, त्यांतला डीएनए पेशीच्या चक्रात केव्हा दुप्पट होतो, वृषणातल्या विभाजनात ती कशी वागतात. त्याच विद्यापीठातून १९८२ साली मोठ्या घुशीतल्या बी गुणसूत्रांची नोंद आली. मलेशियातल्या घरउंदरांत ती १९७२ सालीच नोंदली गेली होती.

घूस म्हटली की आपल्याला पोखरलेला ओटा नाहीतर गटाराचे उचकलेले झाकण आठवते. तिच्या मज्जेतल्या पेशींची काच कोणी तासन्‌तास सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली असेल असे वाटत नाही, पण पाहिली आहे.

६. बापाकडे एकच बी असेल आणि आईकडे एकही नसेल, तर पिल्लांत किती उतरतील?

सरळ हिशेबाने निम्म्या पिल्लांत एकेक आणि उरलेल्यांत शून्य.

कारण असे. शुक्राणू किंवा अंडपेशी तयार होताना अर्धसूत्री विभाजन होते. त्यात मूळ संचातली गुणसूत्रे आधी जोडीदाराला बिलगतात, मग प्रत्येक जोडीतले एक इकडे आणि एक तिकडे जाते. एकट्या बीला बिलगायला कोणी नसते. ते दोन टोकांपैकी एकीकडे ओढले जाते, जणू नाणे उडवल्यासारखे. कधी ते मधेच रेंगाळते आणि दोन्ही बाजूंच्या केंद्रकांबाहेर राहून नष्ट होते. म्हणून 'निम्मी' ही अपेक्षा आहे, हमी नव्हे. नुसत्या रेंगाळण्याने गळती होत असेल तर प्रमाण निम्म्याच्या खाली येते.

आई-बाप दोघांकडे एकेक असेल तर त्याच हिशेबाने चारांत एक पिल्लू बिनबीचे, दोन एक-बीची आणि एक दोन-बीचे.

७. एकाच उंदराकडे दोन बी असतील तर ती आपापसांत जोडी जमवतात का?

जमवू शकतात. दोन्ही बी एकसारखी असतील तर पुष्कळदा ती एकमेकांना बिलगतात. मग प्रत्येक युग्मकात, म्हणजे शुक्राणूत किंवा अंडपेशीत, एकेक जाते आणि सगळ्या पिल्लांना एक-एक मिळते. जमली नाही तर दोन्ही स्वतंत्र भटकतात: चारांतल्या एका युग्मकात दोन्ही, एकात एकही नाही, उरलेल्या दोनांत एकेक. दोन बी वेगवेगळ्या घडणीची असतील, एक मोठे आणि एक ठिपक्याएवढे, तर जोडी जमण्याचा संभव कमी. म्हणून नुसते 'दोन बी' लिहून भागत नाही, कोणती दोन हेही नोंदवावे लागते.

८. बी गुणसूत्रे आईकडून जास्त येतात असे वाचले. खरे आहे का?

काही जातींत, हो. या विषयातली सर्वांत चवदार गोष्ट हीच आहे, म्हणून इथे थोडा थांबतो.

नराच्या विभाजनातून चार शुक्राणू निघतात. बी कुठल्याही टोकाला गेले तरी ते एखाद्या शुक्राणूत असतेच. मादीचे तसे नाही. तिच्या विभाजनातून एकच अंडपेशी टिकते; बाकीचा वाटा 'ध्रुवीय पिंड' नावाच्या चिमुकल्या पुड्यांत बांधून टाकून दिला जातो. म्हणजे मादीत दोन टोके सारखी नाहीत. एका टोकाला पुढची पिढी आहे आणि दुसऱ्या टोकाला केराची टोपली.

आता एखादे गुणसूत्र अंड्याच्या बाजूला थोडे जरी झुकले, शंभरात पन्नासऐवजी साठ वेळा जरी तिकडे गेले, तरी दर पिढीत त्याचा फायदा होत जातो. त्यासाठी उंदराचे काही भले करायची त्याला गरज नाही. या झुकण्याला 'ड्राइव्ह' म्हणतात. मी 'ओढ' म्हणतो.

अशी ओढ शक्य कशी होते? गुणसूत्राला ओढणाऱ्या तंतूंचा तर्कू मादीत पेशीच्या कडेशी सरकतो. कडेकडची बाजू ध्रुवीय पिंडात जाते, आतली अंड्यात राहते, आणि दोन्ही बाजूंच्या तंतूंमध्ये रासायनिक फरक असतो. ज्या गुणसूत्राचा गुणसूत्रबिंदू, म्हणजे तंतू धरण्याची जागा, दणकट असते ते चुकीच्या बाजूची पकड सोडून पुन्हा वळू शकते. घरातल्या लहान उंदराच्या अंडपेशींत, नेहमीच्या गुणसूत्रांच्या बाबतीत, हे गेल्या दहा-बारा वर्षांत प्रत्यक्ष सूक्ष्मदर्शकाखाली दिसले आहे. बी गुणसूत्राचा थेट देखावा त्याहून जुना आहे, पण तो उंदरातला नव्हे, नाकतोड्यातला: १९७६ साली दाखवले गेले की मादीच्या तर्कूवर एकटे बी अंड्याकडच्या बाजूला जास्त वेळा पडलेले असते.

कृंतकांपैकी ऑस्ट्रेलियाच्या झुडपी उंदराची पिल्ले मोजून १९८४ साली जो अभ्यास झाला, त्याचा कौल 'परजीवी' कल्पनेच्या बाजूने पडला: बी टिकते ते स्वतःला पुढे ढकलते म्हणून. पिवळ्या गळ्याच्या रानउंदरात मात्र अशी ओढ असल्याचा ठोस पुरावा मिळालेला नाही, तरीही बी पिढ्यान्‌पिढ्या टिकून आहेत. तेव्हा 'आईकडूनच येतात' असे सरसकट विधान परीक्षेत लिहू नका. जातीचे नाव घेऊन लिहा.

९. ओढ आहे की नाही हे मोजतात कसे?

एक काल्पनिक वेत घेऊ. आईकडे दोन बी, बापाकडे शून्य, पिल्ले आठ. त्यांच्यातली बी अशी: १, १, २, १, २, १, १, २. बेरीज ११. एका पिल्लामागे सरासरी १.३७५. तिला आई-बापांकडच्या एकूण बींनी, म्हणजे २ने भागले की सुमारे ०.६९. हा संक्रमणदर. अपेक्षा ०.५, म्हणजे आठ पिल्लांत मिळून ८ बी.

०.६९ दिसला की विद्यार्थी लगेच 'ओढ सापडली' म्हणतात. थांबा. आठ पिल्ले गुणिले दोन बी, म्हणजे सोळा वेळा नाणे उडवले. सोळांत अकरा किंवा जास्त छापे निव्वळ योगायोगाने शंभरात दहा वेळा पडतात. एका वेतावरून काही सिद्ध होत नाही. अनेक वेत हवेत, आणि उलट जोडीही लावून पाहायला हवी: बीवाला बाप आणि बिनबीची आई. दोन्हीकडचे आकडे शेजारी ठेवले की मगच आईचा वाटा वेगळा दिसतो.

रानात पकडलेल्या गाभण मादीचे वेत मोजले तर आणखी एक पेच पडतो. बाप कोण ते माहीत नसते, आणि पुष्कळ जातींत एकाच वेतातल्या पिल्लांचे बाप वेगवेगळे असू शकतात. म्हणून पिंजऱ्यातली, ठरवून लावलेली जोडी लागते. रानउंदीर पिंजऱ्यात वीत नाहीत म्हणून कितीतरी जातींचा हा हिशेब अडून राहिला आहे.

१०. आई-बाप दोघांच्या तपासणीत बी नव्हते, तरी पिल्लात एक निघाले. नवे तयार झाले का?

आधी साध्या शक्यता संपवा. बाप खरोखर तोच आहे ना? (प्रश्न ९ पाहा.) दुसरे म्हणजे, आई-बापांच्या किती पेशी पाहिल्या? काही जातींत, विशेषतः अपोडेमस पेनिन्सुलीत, एकाच उंदराच्या वेगवेगळ्या पेशींत बींची संख्या वेगळी असते. कारण साध्या पेशीविभाजनातही ठिपक्याएवढ्या बीच्या दोन्ही प्रती कधी एकाच पेशीत जातात, कधी गळतात. मज्जेतल्या दहा पेशींत बी दिसले नाही म्हणून वृषणात किंवा अंडाशयात ते नसेलच असे नाही, आणि पुढच्या पिढीत जाते ते तिथलेच.

हे सगळे तपासून झाल्यावरच 'नवे बी' हा शब्द काढावा. गुणसूत्राचा तुकडा पडून नवे बी जन्मू शकते, पण ते दुर्मीळ आहे.

अशा मिश्र उंदराची नोंद 'बी : ३' अशी करणे म्हणजे चूकच. 'तीस पेशींत २ ते ५, बहुतेकांत ३' असे लिहा.

११. काळ्या उंदरात कुठे ३८ तर कुठे ४२ गुणसूत्रे असतात. मग ४२वाल्याकडे चार बी आहेत का?

हा सापळा आहे आणि चांगले शिक्षकही त्यात अडकलेले पाहिले आहेत. उत्तर नाही.

आशियाई प्रकारात ४२ गुणसूत्रे असतात. दोन वेळा असे घडले की दोन वेगवेगळी, गुणसूत्रबिंदू एका टोकाशी असलेली गुणसूत्रे त्या टोकाशी जुळून एक झाली. प्रत्येक जुळणीने दोन जोड्यांची एक जोडी होते, म्हणजे संख्या दोनाने घटते. दोन जुळण्यांनी ४२चे ३८ झाले. मधला टप्पा श्रीलंकेत दिसतो: ४०. माल तेवढाच, गाठोडी कमी. बी गुणसूत्राचा इथे संबंधच नाही.

दोन्ही प्रकारचे उंदीर भारताच्या नैर्ऋत्य भागात एकत्र सापडल्याची नोंद १९७३ सालची आहे. आज ४२वाल्यांना बरेच जण वेगळी जात मानतात. कोकणातल्या किंवा गोव्यातल्या उंदरांवर प्रकल्प करणाऱ्यांनी म्हणूनच नुसती संख्या मोजून थांबू नये, भुजा, म्हणजे गुणसूत्रबिंदूच्या दोन्ही बाजूंचे भाग, मोजाव्यात. जुळणीने भुजांची संख्या बदलत नाही, बी आले तर बदलते. आणि बीची जोडी मूळ संचात सापडत नाही (प्रश्न १).

१२. बींमुळे उंदराचा फायदा होतो की तोटा?

यावर दोन पक्ष आहेत. १९४५ साली स्वीडनच्या ऑस्टरग्रेन यांनी बी म्हणजे परजीवी असे मांडले: ती यजमानाचे भले करत नाहीत, स्वतःची प्रत पुढे सरकवण्यात हुशार असतात. दुसरा पक्ष म्हणतो की थोडी बी, विशेषतः कठीण परिस्थितीत, उपयोगी पडत असावीत. फार झाली की नुकसान.

पिवळ्या गळ्याच्या उंदराच्या अभ्यासांत शरीराचे वजन, कवटीची मापे, जनुकांची अदलाबदल अशा गोष्टींशी बींचा संबंध दिसला आहे, आणि बीवाल्यांचे प्रमाण ठिकाणानुसार व हवामानानुसार बदलते. माझे मत विचाराल तर एकच नियम सगळ्या जातींना लावण्याचा हट्ट सोडावा. ज्या जातीत ओढ मोजली गेली आहे तिथे परजीवी कल्पना पुरते. जिथे ओढ नाही आणि बी तरी टिकले आहे, तिथे दुसरे काहीतरी शोधायला हवे.

१३. बींवर जनुके असतात का? पुस्तकात 'निष्क्रिय' लिहिले आहे.

पुस्तक जुने आहे. कोल्ह्याच्या आणि रॅकून डॉगच्या बींवर एक अख्खे, नावाजलेले जनुक २००५ सालीच सापडले. अपोडेमसच्या बींवरही प्रथिनांच्या जनुकांचे भाग मिळाले आहेत. काहींचे काम चालतेही. उलट उदाहरण आपल्या काळ्या उंदराचे: त्याच्या बींवर रायबोसोमच्या जनुकांच्या प्रती पसरलेल्या आहेत, पण बंद. दुकाने ओळीने, शटर सगळी खाली.

१४. ही बी मुळात आली कुठून?

मूळ संचातूनच, पण दर जातीत वेगळ्या वाटेने. पिवळ्या गळ्याच्या उंदरात २०१७ सालच्या कामाने बोट दाखवले ते लैंगिक गुणसूत्रांच्या गुणसूत्रबिंदूजवळच्या भागाकडे.

१५. विषाला न जुमानणारे उंदीर या बींमुळे तयार होतात का?

(हा द्राक्षबागायतदारांचा.) नाही. रक्त पातळ करणाऱ्या विषांना दाद न देणारे उंदीर बहुधा मूळ संचातल्या एका जनुकातल्या बदलामुळे तसे होतात आणि ते मेंडेलच्या नियमाने पुढे जाते. तुमच्या बांधावरचा उंदीर बीवाला असो वा नसो, बंदोबस्त तोच.

१६. प्रयोगशाळेत बी दिसते कसे?

भरभर विभागणाऱ्या पेशी लागतात, म्हणून मांडीच्या हाडातली मज्जा. कोल्चिसिनने विभाजन मधेच थांबवायचे, पोटॅशियम क्लोराइडच्या सौम्य द्रावणात पेशी फुगवायच्या, मग तीन भाग मिथेनॉल आणि एक भाग ॲसेटिक आम्लात पक्क्या करायच्या. थंड, ओल्या काचेवर वीतभर उंचीवरून थेंब सोडायचा. थेंब पडताच काचेवर इंद्रधनुषी कडा पसरते आणि आक्रसते. त्या क्षणी हलकी फुंकर मारायची. मग गीम्साचा जांभळा रंग.

फुंकर जोरात बसली की पेशी फुटून शेजारच्या पेशीची दोन-तीन गुणसूत्रे आपल्या पेशीत येऊन पडतात. एम.एस्सी.ला असताना मी अशी दोन 'बी' मोठ्या उत्साहाने वहीत काढली होती. सरांनी काच पाहिली, दुसऱ्या दहा पेशी मोजायला लावल्या, एकीतही नव्हती. तेव्हापासून एका पेशीवर मी विश्वास ठेवत नाही. शंका असेल तर सी-पट्ट्यांचे रंजन करा, म्हणजे गुणसूत्रांतले घट्ट भाग गडद दाखवणारी रंगाई. पुष्कळ बी, सगळी नव्हेत, अख्खी गडद रंगतात.

१७. माणसांत बी गुणसूत्रे असतात का?

त्या अर्थाने नाही. काही बाळांत एक छोटे जादा गुणसूत्र आढळते, पण हजारात एकापेक्षाही कमी. त्यातली सुमारे ७० टक्के त्या बाळातच नव्याने आलेली असतात, आई-बापांकडून नव्हे. परिणाम कुठला तुकडा आहे यावर ठरतो. तपासणीत असे काही निघाले असेल तर उंदरांवरचे हे पान बाजूला ठेवा आणि आनुवंशिकी सल्लागाराला भेटा.

१८. घरात सापळ्यात उंदीर मिळाला आहे. तपासायला पाठवू का?

नको. मेलेल्या उंदराच्या पेशी विभागत नाहीत, त्यामुळे त्याची गुणसूत्रे पाहता येत नाहीत. कुरियरने येईपर्यंत काय होईल ते वेगळेच. जिवंत असेल तर हाताळूही नका, उंदराच्या मुतातून लेप्टोस्पायरोसिस होतो. सापळा धुताना रबरी हातमोजे घाला.